गोबरगॅसचं अनुदान: अर्जाआधी शेण मोजा

अर्जात संयंत्राचा आकार लिहायचा असतो आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. मोठं बांधलं म्हणून गॅस जास्त निघत नाही. एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो ताजं शेण लागतं. दोन घनमीटरला ५० किलो, म्हणजे गोठ्यात बांधलेली चार-पाच मोठी जनावरं. चरायला जाणाऱ्या गुरांचं बरंच शेण रानातच पडतं, ते हिशेबात धरू नका. आठवडाभर पाट्या मोजा, मग आकडा लिहा. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटर पुरतं.

राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यात १ घनमीटरला ९,८०० रुपये आणि २ ते ४ घनमीटरला १४,३५० रुपये अनुदान ठरलं होतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी हेच दर १७,००० आणि २२,००० होते. शौचालय जोडल्यास १,६०० रुपये जादा. सध्याचा दर काय आणि उद्दिष्ट (म्हणजे अनुदान द्यायच्या संयंत्रांची ठरलेली संख्या) शिल्लक आहे का, हे खड्डा खणण्याआधी विचारा.

अर्ज पंचायत समितीच्या कृषी विभागात द्यायचा. सोबत आधार, सातबारा, आठ-अ, बँक पासबुक आणि लागू असल्यास जातीचा दाखला. सातबारा, आधार आणि पासबुकावर नाव वेगवेगळं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. खातं आधारशी जोडलेलं नसलं तरी पैसे अडकतात. मंजुरीआधी बांधकाम उरकू नका, नंतर ते प्रस्तावात बसवणं कठीण जातं.

जागा उन्हाची, स्वयंपाकघराजवळची, पण विहिरीपासून दहा-पंधरा मीटर लांब. दीनबंधू म्हणजे पक्क्या घुमटाचं संयंत्र; त्याचा घुमट नेहमीच्या गवंड्याला देऊ नका, प्रशिक्षित माणूसच लावा. घुमटाला बारीक चीर राहिली की गॅस निसटतो आणि दोष मात्र शेणाला लागतो.

दोन घनमीटरच्या पहिल्या भरणीला सुमारे दोन टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. पालापाचोळा, माती काढून टाका. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, तो बाहेर सोडून द्या. काडी लावून पाहायची ती शेगडीवरच, संयंत्राच्या तोंडाशी कधीच नाही. पाइपला उतार आणि सखल जागी पाणी काढायचा नळ ठेवा, नाहीतर ज्योत फडफडते.

अनुदान तपासणीनंतरच खात्यावर येतं. अधिकारी येतील तेव्हा शेगडी पेटलेली हवी, म्हणून भरणी थंडीच्या तोंडावर नको. गारठ्यात गॅस मंदावतो.