पोर्ट उघडं आहे का? प्रश्नामागचा इतिहास

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सर्व्हर सांभाळणाऱ्याला हा फोन ठरलेला: "पिंग जातंय हो, पण सॉफ्टवेअर कनेक्ट होत नाही." पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला 'आहेस का?' असं विचारणारी कमांड. ते गेलं म्हणजे मशीन चालू आहे, एवढंच. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग लिहिलं ते आयसीएमपी या नेटवर्कच्या निरोप-नियमांवर, आणि आयसीएमपीला पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या एकेका सेवेचा क्रमांक दिलेला दरवाजा, हा प्रकारच नाही. ३३०६ या पोर्टवर मायएसक्यूएल हा डेटाबेस ऐकतोय का, हे पिंगला कळणार कुठून?

म्हणून हात टेलनेटकडे जायचा. १९६९ मध्ये ते आलं दूरच्या संगणकावर लॉग-इन करण्यासाठी. पोर्ट तपासणं त्याच्या कामात नव्हतंच. पण त्याच्या नेहमीच्या २३ ऐवजी दुसरा पोर्ट क्रमांक दिला, तर ते तिथेही जोडून बघतं. मेल सर्व्हरच्या २५ वर गेलं की २२० ने सुरू होणारी ओळ समोर येते, म्हणजे सर्व्हर ऐकतोय. टेलनेटमधून पासवर्ड मात्र उघडा जायचा. १९९५ मध्ये तेच काम सांकेतिक रूपात करणारं एसएसएच आलं, आणि विंडोज व्हिस्टापासून टेलनेट मुद्दाम चालू करून घ्यावं लागू लागलं.

१९९५ मध्येच 'हॉबिट' या टोपणनावाने लिहिणाऱ्याचं नेटकॅट हे जोडणी करून बघणारं साधन आलं. त्यातला 'झेड' पर्याय मला फार मोलाचा वाटतो: जोडणी होते का तेवढं बघायचं, डेटा काहीच पाठवायचा नाही. १९९७ मध्ये पोर्ट धुंडाळणारं एनमॅप आलं, पुढे विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड.

या सगळ्यांना मिळणारी उत्तरं मात्र सप्टेंबर १९८१ च्या टीसीपी मानकातूनच, म्हणजे दोन मशीननी जोडणी कशी करायची त्या नियमांतूनच येतात. आपण 'सिन', म्हणजे जोडणीची विनंती, पाठवतो. ऐकणारं कोणी असेल तर 'सिन-अ‍ॅक' हा होकार येतो, नसेल तर 'रीसेट' हा नकार, आणि पडद्यावर 'रिफ्यूज्ड' दिसतं. आणि मधल्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या राखणदाराने, आपला निरोप गिळला तर काहीच येत नाही. नवी मुलं 'रिफ्यूज्ड' दिसलं की घाबरतात. मी म्हणतो, अरे, ही चांगली बातमी आहे! निरोप पोचला, उत्तरही आलं.

एका सोमवारी असंच झालं. रविवारी वीज गेलेली, सकाळी बिलं निघेनात. हिशेबनीस फायरवॉलवाल्याला फोन लावून बसलेले. मी त्यांच्याच मशीनवरून नेटकॅट चालवलं, एंटर दाबताच 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. म्हटलं, काका, फोन ठेवा. सर्व्हरवर गेलो, तर डेटाबेसची सर्व्हिस विजेनंतर उठलीच नव्हती. ती सुरू केली आणि पुन्हा तीच कमांड दिली: 'सक्सीडेड'.