पार्श्वभूमी : रुग्णालयाच्या छतातली भाऊबंदकी

सोलापुरात ‘सिव्हिल’ म्हटलं की पुढे हॉस्पिटल म्हणावं लागत नाही. शब्द इंग्रजी अमलातला : लष्कराचे दवाखाने वेगळे, नागरिकांचे वेगळे. पुढे १९६३ साली डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय निघालं, रुग्णालयाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. रिक्षावाल्याला मात्र आजही ‘सिव्हिल’च सांगायचं. अश्विनी, मार्कंडेय ही सहकारी रुग्णालयं नंतरची.

क्रिमियन युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लांबट, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेल्या वॉर्डांचा आग्रह धरला. तोच साचा इंग्रजांनी इकडे आणला. जाड भिंती, उंच छत, व्हरांडा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या गावाला तो मानवणाराच होता. हवा खेळवायला वेगळी यंत्रणा लागत नव्हती, इमारतच ते काम करायची.

मग एकेक पाहुणा येत गेला. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, आणि पुढे रुग्णालयांना शिशाने मढवलेली खोली लागू लागली. शस्त्रक्रियागृहात आज तासाला साधारण वीस वेळा हवा बदलावी लागते, तीही बारीक फिल्टरमधून, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवून. ऑक्सिजन सिलिंडरऐवजी तांब्याच्या नळीतून खाटेशी येऊ लागला. हे सगळं मावायचं कुठे? स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्यामधल्या दोन-तीन फुटांत.

या नळ-वाहिन्यांचं भांडण इथलं. सांडपाण्याच्या नळाला उतार लागतोच. शंभराला एक असा उतार धरला, तरी पंधरा मीटरला पंधरा सेंटीमीटर खाली यावं लागतं. हवेचा डक्ट चपटा करता येतो, केबल वळवता येते, पण पाणी काही चढ चढत नाही. म्हणून नकाशावर पहिला मान ड्रेनेजचा. साइटवर मात्र जो ठेकेदार आधी येतो तो जागा अडवतो, आणि मागाहून येणारा बीमला भोक पाडायची परवानगी मागतो. सगळ्यांचे नकाशे एकावर एक ठेवून स्लॅब पडण्याआधी बसणं, एवढाच यावरचा उपाय. तोच सगळ्यात आधी टळतो.

सोलापूरची खरी कसोटी पाण्याची. भारतीय मानकानुसार शंभरावर खाटा असल्या, तर खाटेमागे दिवसाला ४५० लिटर धरतात. दोनशे खाटांना ९० हजार. उजनीचं पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात पाच दिवसांचा साठा म्हणजे साडेचार लाख लिटर. एवढी टाकी पाया खोदतानाच ठरवावी लागते. शिवाय डायलिसिसच्या एका फेरीला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी जातं, आणि आरओ त्याआधी बरंच पाणी फेकून देतो.

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं दगावली. एप्रिलमध्ये नाशकात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि रुग्ण गेले. त्यानंतर अग्निसुरक्षा आणि ऑक्सिजनच्या वाहिन्या यांची तपासणी ऐरणीवर आली. जुन्या इमारतीत नवीन नळांना जागा उरते ती व्हरांड्याच्या छताखालीच. नाइटिंगेलबाईंच्या साच्यातल्या त्याच व्हरांड्यातून आता अग्निशमनाचे लाल नळ उघडेच जातात.