लघुग्रहाला नाव द्यायचंय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी वाचा

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला लघुग्रह ज्याने शोधला, त्याला त्याचं नाव सुचवता येतं. पदवीची अट नाही, देशाची नाही, शुल्कही नाही. (पैसे घेऊन ‘तुमच्या नावाचा लघुग्रह’ देणाऱ्यांपासून लांब राहा. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ नावं विकत नाही.) तरी बहुतेकांचं घोडं अडतं, आणि तेही नावाच्या बरंच आधी.

पहिला अडथळा वेधशाळा संकेतांकाचा. वेध, म्हणजे लघुग्रहाच्या जागेची मोजमापं, मायनर प्लॅनेट सेंटर या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या जागतिक केंद्राकडे जातात आणि तिथे तुम्ही जिथून निरीक्षण करता त्या ठिकाणाचा तीन अक्षरी संकेतांक लागतो. नुसता फॉर्म भरून तो मिळत नाही. क्रमांक मिळालेल्या, ओळखीच्या लघुग्रहांच्या आकाशातल्या जागा मोजून पाठवा. त्या जुळल्या तरच मिळतो. वेळ यूटीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेतच) लिहा. स्थानिक वेळ टाकली की सगळी मेहनत फुकट.

दुसरा अडथळा दुसऱ्या रात्रीचा. एका रात्रीत हलणारा ठिपका सापडला म्हणजे शोध लागला असं होत नाही. तोच ठिपका आणखी एका रात्री मोजला गेला पाहिजे. ही दुसरी मोजणी राहिली तर तुमचे वेध कशाशीही न जोडलेले पडून राहतात आणि तिकडून तुम्हाला कोणी आठवण करत नाही. आधी तो ठिपका माहीत असलेल्या लघुग्रहाचा नाही ना, हेही तपासा. बहुतेक वेळा असतोच.

मग तात्पुरता संकेतांक मिळतो. उदाहरणार्थ २००६ व्हीपी३२: साल २००६, ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, आणि ‘पी३२’ म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदलेला ८१५वा लघुग्रह. विद्यार्थ्यांच्या लघुग्रह-शोध मोहिमांतलं प्रमाणपत्र साधारण याच सुमाराला हातात येतं आणि लोक थेट नाव ठरवायला बसतात. कृपया थांबा. त्या कागदाने नाव देण्याचा हक्क मिळत नाही.

हक्क येतो तो कायम क्रमांकानंतर. त्यासाठी कक्षा पक्की व्हावी लागते, म्हणजे पट्ट्यातल्या लघुग्रहाचे साधारण चार प्रतियुतींमधले (लघुग्रह आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो त्या वेळांचे) वेध. दोन प्रतियुतींमध्ये सव्वा-दीड वर्षं जातं, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. जुन्या छायाचित्रांत तो सापडला तर वेळ वाचतो. शोधाचं श्रेय कोणाचं, हेही क्रमांक देतानाच ठरतं. ते दुसऱ्याकडे गेलं तर वाद घालून उपयोग नाही.

नाव सुचवायची मुदत दहा वर्षांची, पण ती शोधापासून नव्हे, क्रमांकापासून मोजायची. हे चुकीचं वाचून कितीतरी जण उगाच हताश होतात. वरचा २००६ व्हीपी३२ पुढे क्रमांक ३००१२८ झाला आणि ‘पंडितजसराज’ हे नाव त्याला २०१९ साली मिळालं.

नाव रोमन लिपीत, मोकळी जागा धरून जास्तीत जास्त १६ अक्षरांचं, शक्यतो एकच शब्द, उच्चारता येईल असं. म्हणूनच ‘पंडितजसराज’ जोडून लिहिलंय. आधीच्या एखाद्या नावाशी फार साम्य नको, जाहिरात नको. राजकीय वा लष्करी व्यक्ती असेल तर तिच्या मृत्यूला १०० वर्षं झालेली हवीत. आवडत्या नेत्याचं नाव इथेच परत येतं. पाळीव प्राणीही नकोत. ‘मिस्टर स्पॉक’ हे एका मांजरावरून दिलेलं नाव यादीत आहे, पण तो दाखला देऊ नका, त्यानंतरच ही नावं नकोशी झाली.

सोबत चार ओळींत नावामागचं कारण. इथे चरित्र लिहू नका. खगोलशास्त्रीय संघाचा नामकरण गट मत देतो आणि नाव त्यांच्या बुलेटिनमध्ये छापलं गेलं की अधिकृत होतं. त्याआधी सत्कार ठेवू नका.