कॉम्प्रेसरला ताप का चढतो?

बारा व्होल्टवर चालणाऱ्या एअर कॉम्प्रेसरच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असतो. वाळूत किंवा खडकाळ वाटेवर शिरताना टायरमधली हवा कमी करतात, आणि रस्त्यावर परतताना ती याच यंत्राने पुन्हा भरतात. पिकअप ट्रकच्या टायरला रस्त्यावर लागतात पस्तीस-चाळीस, गाडी भरलेली असेल तर थोडे जास्त. त्यामुळे त्या ठळक आकड्यावरून निवडीपुरतं काहीच कळत नाही. विचारायचं ते दुसरंच: हे यंत्र पस्तीस पीएसआयच्या आसपास मिनिटाला किती लिटर हवा देतं, आणि न थांबता किती वेळ देतं? दोन्हींची उत्तरं एकाच कारणापाशी येऊन पोचतात. हवा दाबली की ती तापते.

पण चांगल्या भरलेल्या टायरमधली हवा मुळात काढायचीच कशाला? टायर जमिनीला जेवढा टेकतो, त्या भागाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने चाकावरचा भार भागिले आतला दाब इतकं असतं. एका चाकावर ६५० किलो भार धरला, तर ३५ पीएसआयला टेकणारा भाग साधारण २६० चौरस सेंटिमीटरचा होतो. दाब १८ वर आणला की तोच ५०० च्या वर जातो. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार पेलतात, म्हणून प्रत्यक्षातला फरक याहून जरा कमी. गंमत अशी, की टायर बसका दिसतो म्हणून तो रुंद झाला असं वाटतं, पण वाढ मुख्यतः लांबीत झालेली असते. वाळूत याचाच फायदा मिळतो. चाक कमी रुततं, आणि रुतलेल्या चाकासमोर वाळूचा जो बांध तयार होतो, तो ढकलण्यात वाया जाणारी ताकद वाचते. खडकाळ वाटेवर मऊ पडलेला टायर दगडावरून उसळत नाही, त्याला लपेटून जातो.

ही युक्ती जुनी आहे. ब्रिटिश लष्करी अभियंते राल्फ बॅगनॉल्ड यांनी १९३० च्या सुमारास लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी वाळूच्या टेकड्यांवरून नेल्या, त्या टायरमधली हवा उतरवूनच. पुढे वाऱ्याबरोबर वाळू कशी वाहते याच्या भौतिकशास्त्राचा पाया त्यांनीच घातला. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ नावाच्या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या अमेरिकी ट्रकांमध्ये तर चालकाला जागेवर बसून, गाडी चालू असताना टायरचा दाब कमी-जास्त करता येई. वाळूच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या गाडीला ते लागतच होतं.

हवा काढायला काही लागत नाही, व्हॉल्वची पिन दाबली की झालं. परत भरणं मात्र टाळता येत नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, प्रत्येक वाकण्यात रबर थोडी ऊर्जा गिळतं आणि ती उष्णता होऊन आत साठते. खडबडीत वाटेवर ताशी वीसच्या वेगाने हे चालून जातं. डांबरी रस्त्यावर ताशी ऐंशीने गेलात तर टायर आतून उकलू शकतो. शिवाय जोरात वळताना टायरची कड रिमवरून निसटण्याची भीती असते ती वेगळीच.

आता हिशेब. ३३ इंची टायरच्या पोटात साधारण ८५ लिटर जागा धरू. दाब १८ वरून ३५ पीएसआयवर न्यायचा म्हणजे १७ पीएसआयची भर घालायची. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो, म्हणजे ही भर १.१६ पट वातावरण इतकी झाली. गुणाकार केला की एका टायरला बाहेरची जवळजवळ १०० लिटर हवा लागते, चारांना ४००. खिशाला परवडणारा लहान कॉम्प्रेसर मिनिटाला ३० लिटरचा म्हणून विकला जातो. त्या आकड्यावर विसंबलं तर चारही टायर तेरा-चौदा मिनिटांत भरायला हवेत. तसं होत नाही.

कारण तो आकडा बहुधा नळी मोकळी सोडून मोजलेला असतो. पिस्टन कितीही वर गेला तरी त्याच्या आणि सिलिंडरच्या माथ्याच्या मध्ये थोडी फट उरते. तिथे अडकलेली दाबलेली हवा पिस्टन खाली येताना आधी फुगते, आणि ती पुरती फुगेपर्यंत नवी हवा आत शिरत नाही. टायरमधला दाब जितका जास्त, तितकी ही अडकलेली हवा जास्त फुगते आणि प्रत्येक फेऱ्यातली नवी हवा तितकी घटते. वर भार वाढल्यामुळे मोटरही मंदावते. त्यामुळे ३० लिटरचं यंत्र टायरच्या दाबाला वीसच्या आसपास उतरलं तर आश्चर्य नको. एका टायरला पाच मिनिटं, चारांना वीस. म्हणून माहितीपत्रकात ‘३० पीएसआयला इतके लिटर’ असा आकडा शोधावा. कंपनी तो छापतच नसेल, तर मी ते यंत्र घेणार नाही. (परदेशी माहितीपत्रकांत लिटरऐवजी सीएफएम दिसतं, एक सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर.)

आणि आता तापाकडे. हवा झटक्यात दाबली, तिची उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही, तर ३५ पीएसआयपर्यंत पोचताना २७ अंश सेल्सिअसची हवा दीडशे अंशांच्या आसपास तापते. १०० पीएसआयपर्यंत नेली तर हिशेबाने अडीचशेच्याही वर. सायकलला पंप मारताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, ते याचंच छोटं रूप. सिलिंडरच्या पंखांवाटे थोडी उष्णता निघून जाते, पण पिस्टनची सील, व्हॉल्वच्या पातळ पट्ट्या आणि मोटरचे कार्बन ब्रश याच भट्टीत काम करतात. त्यात मोटरची स्वतःची उष्णताही असते. चारही टायरांतली हवा दाबायला निव्वळ ५० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. मोटर बॅटरीतून ओढते त्याच्या कितीतरी पट, आणि वरची सगळी ऊर्जा यंत्र गरम करण्यात जाते.

‘ड्यूटी सायकल’ हा शब्द इथून येतो. ५० टक्के म्हणजे जितका वेळ चालवाल तितकाच वेळ थांबायचं. पण हा आकडाही कुठल्या दाबाला आणि किती तापमानाला मोजला ते पाहायला हवं. १०० पीएसआयला अर्धा वेळ चालणारं यंत्र ३० पीएसआयला अखंड चालू शकतं. आत ताप वाढला की आपोआप बंद पडणारी व्यवस्था असलेलं यंत्र घ्यावं, आणि ते भर उन्हात मध्येच बंद पडलं म्हणून त्याला शिव्या देऊ नयेत. ते स्वतःला वाचवत असतं.

लहान टायर, क्वचित वापर आणि थांबायची तयारी असेल तर सुटा, पिशवीत मावणारा कॉम्प्रेसर पुरतो. मोठे टायर आणि नेहमीची भटकंती असेल तर गाडीत कायमचा बसवलेला, शक्यतो जोड सिलिंडरचा. तो टायरच्या दाबाला मिनिटाला १२० लिटर देत असेल तर एका टायरला मिनिटही लागत नाही. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारे कॉम्प्रेसर याहून जोरदार असतात, पण ब्रॅकेट, पट्टा आणि हवेत उतरणारं तेल हे सगळं सांभाळावं लागतं. कार्बन डायऑक्साइडची टाकी सगळ्यांत वेगवान, फक्त रिकामी झाली की आडरानात ती भरणार कोण?

बऱ्याच जणांना सोबत हवेची टाकी जोडायची हौस असते. दहा लिटरची टाकी १२० वरून ९० पीएसआयवर येईपर्यंत फक्त वीस लिटर हवा देते, म्हणजे एका टायरच्या गरजेचा पाचवा भाग. रिमवरून सुटलेली टायरची कड पुन्हा बसवायला हवेचा एकदम झोत लागतो, तिथे टाकी उपयोगी. नुसती हवा भरायला नाही.

बसवण्यात सगळ्यांत जास्त चुका वायरीत होतात. तीस अ‍ॅम्पियर ओढणारा कॉम्प्रेसर बॅटरीपासून चार मीटरवर मागच्या हौद्यात बसवला, की प्रवाहाला जाऊन-येऊन आठ मीटर तांब्यातून धावावं लागतं. २.५ स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर वाटेतच १.६ व्होल्ट गळतात आणि जवळपास ५० वॉट उष्णता वायरीतच निर्माण होते. दहा स्क्वेअरची घेतली तर गळती ०.४ व्होल्टवर येते. मोटरचा वेग व्होल्टेजवर अवलंबून असतो, त्यामुळे बारीक वायर म्हणजे हळू भरणारा टायरसुद्धा. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा दहा ते वीस अ‍ॅम्पियरचा असतो, तेव्हा तिथून मोठा कॉम्प्रेसर चालवायचा विचारच सोडावा. वायर थेट बॅटरीवरून घ्यावी, मधे रिले (बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) असावा, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. तो कॉम्प्रेसरच्या शेजारी लावणारे लोक विसरतात, की फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. वायर मधे कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली, तर टोकाच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. अर्थची वायर गंजलेल्या चॅसीच्या बोल्टला न जोडता परत बॅटरीपर्यंत नेलेली बरी. आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवावं. अल्टरनेटरमुळे व्होल्टेज चौदाच्या आसपास राहतं, बॅटरीही दमत नाही.

जागेचं गणितही तापाचंच. बॉनेटखाली वायर आखूड पडते, पण तिथे आधीच ऐंशी अंश असतील तर यंत्र थंड व्हायला जागाच नाही, आणि ऐंशी अंशांची हवा २७ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ असते. नाइलाजाने बॉनेटखालीच बसवायचा, तर एक्झॉस्टपासून लांब ठेवावा आणि हवा ओढणारं फिल्टर वेगळ्या नळीने थंड, उंच, कोरड्या जागी न्यावं. चॅसीच्या पट्टीला खाली टांगला तर ओढा ओलांडताना तो पाणी ओढणार. पाणी दाबलं जात नाही, आणि मग पिस्टनचा दांडा वाकतो. सीटखाली किंवा हौद्यातल्या बंद पेटीत बसवला तर धूळ-पाणी टळतं. मात्र पेटीला हवा खेळायला झरोके हवेतच. पत्रा पातळ असेल तर खालून जाड पट्टी द्यावी, रबरी बुश घालावेत, नट स्वतःहून न सुटणारे वापरावेत. कॉम्प्रेसर स्वतः थरथरतो आणि वाट त्यात भर घालते.

उंचावर जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. चार हजार मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब जेमतेम नऊ पीएसआय उरतो. तोच टायर तितकाच भरायला तिथली १६० लिटर हवा ओढावी लागते. म्हणजे वेळ दीडपटीहून जास्त, आणि विरळ हवा यंत्राला थंडही नीट करत नाही.

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पहिली हातभर नळी पोलादी जाळीचीच घ्यावी, साधं रबर तिथल्या तापाने पाघळतं. नळीत हवा मागे येऊ न देणारी उलट-झडप असेल, तर दाबलेली हवा सोडून मगच यंत्र पुन्हा सुरू करावं. दाबाविरुद्ध सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि फ्यूज उडतो. चारही टायरांना एकदम जोडणाऱ्या नळ्या मिळतात. त्यांनी पंपाचं काम कमी होत नाही, वाकण्या-उठण्याचं होतं. पण चारही टायरांचा दाब त्यात सारखा होतो, आणि मागे माल भरलेल्या ट्रकला तो सारखा नको असतो.

नळीवरचा गेज हवा वाहत असताना नळीतला दाब दाखवतो, टायरमधला नव्हे, आणि तो नेहमी जास्तच असतो. भरणं थांबवून, सुट्या गेजने मोजावं. नुकत्या भरलेल्या, वाटेवर तापलेल्या टायरचं माप दुसऱ्या दिवशी टायर थंड असताना पुन्हा घ्यावं. ३५ पीएसआयला दर दहा अंशांमागे साधारण दीड पीएसआय उतरतो.