व्रतस्थ नाव

कॅथलिक धर्मसंघात प्रवेश करणाऱ्या स्त्री-पुरुषाला बाप्तिस्म्याच्या नावाऐवजी मिळणारे नवे नाव. ते बहुधा संघाचा झगा परिधान करण्याच्या विधीत, म्हणजे नोव्हिशिएटच्या (व्रते घेण्याआधीच्या उमेदवारीच्या काळाच्या) आरंभी दिले जाते. काही संघांत पहिल्या व्रतांच्या वेळी. आधार म्हणून बायबलमधील अब्रामचा अब्राहाम आणि शिमोनचा पेत्र झाल्याचे दाखले देतात. गंमत अशी, की सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठप्रवेशाचा विधी तपशीलवार असूनही नामांतराचा उल्लेख नाही. तिचा कटाक्ष हाक मारण्यावर आहे: कोणी कोणाला नुसत्या नावाने हाक मारू नये, ज्येष्ठांनी कनिष्ठांना ‘बंधू’ म्हणावे, मठाधिपतीला ‘डोमिनुस’ (लॅटिनमध्ये ‘स्वामी’) म्हणावे. बेनेडिक्टाइन नावांआधी लागणारे ‘डॉम’ याच शब्दाचे आखूड रूप.

नाव स्वतःचे असले तरी निवड सर्वस्वी स्वतःची नसे. अनेक मठांत उमेदवार दोन-तीन नावे सुचवी, शेवटचा शब्द वरिष्ठांचा. कधी तर नाव विधीतच पहिल्यांदा कानावर पडे. एका मठात एकाच नावाच्या दोघी नकोत, ही व्यावहारिक अडचणही असे. 1928 मध्ये लोरेटो संघात आलेल्या आन्येझ गोंजा बोयाजिऊ यांना लिझ्यूच्या संत तेरेजचे नाव हवे होते. ते आधीच एका भगिनीने घेतलेले, म्हणून त्यांनी त्याचे स्पॅनिश रूप घेतले: तेरेसा. याच पुढच्या मदर तेरेसा. संतिणींची नावे अपुरी पडत म्हणा किंवा भक्ती म्हणा, ‘सिस्टर मेरी जोसेफ’ अशी पुरुष संतांची नावेही धर्मभगिनींमध्ये सर्रास आढळतात.

नावाच्या घडणीवरून संघ ओळखता येतो. कपुचिन (फ्रान्सिस्कन परंपरेतील एक संघ) नावापुढे जन्मगाव लावत: 1903 मध्ये झगा घेतलेले फ्रांचेस्को फोर्जोने ‘पिएत्रेल्चिनाचे पिओ’ झाले. कार्मेल या संघात गावाऐवजी एखादे श्रद्धारहस्य किंवा संत जोडतात. हुआन दे येपेस कार्मेलाइट झाले तेव्हा ‘संत मथियाचे हुआन’ होते. 1568 मध्ये सुधारित शाखेत गेल्यावर ‘क्रुसाचे हुआन’ झाले. मूळ नाव दोन्ही वेळा तेच, बदलली ती पुढची जोड. येशूसंघीय (जेझुइट) मात्र नाव बदलत नाहीत, आडनावापुढे फक्त ‘एस. जे.’ (सोसायटी ऑफ जीझस) लावतात.

कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये संघांना आपापल्या रूढी तपासून पाहायला सांगितले. त्यानंतर बाप्तिस्मा हेच मूळ समर्पण, मग त्याचे नाव का पुसायचे, हा विचार बळावला आणि अनेक संघांत नामांतर ऐच्छिक झाले; कित्येक भगिनी जुन्या नावाकडे परतल्या. एकांतवासी मठांत प्रथा अजून टिकून आहे.

सरकारी कागदपत्रांवर सहसा जुनेच नाव राहते, त्यामुळे एका माणसाची दोन नावे शेजारी शेजारी नांदतात. ट्रॅपिस्ट या कडक शिस्तीच्या संघातील मठवासी लेखक थॉमस मर्टन यांची पुस्तके त्याच नावाने निघत, पण मठात ते फादर लुई होते. 1968 मध्ये ते वारले. अमेरिकेतील गेथसेमनी मठात त्यांच्या साध्या क्रुसावर ‘फादर लुई मर्टन’ असे लिहिले आहे.