मातीतून निघाला तो भेक की बेडूक?

मे महिन्यात मोरड म्हणजे उंचावरच्या शेतात नांगर फिरतो किंवा माडांची आळी खणली जातात, तेव्हा ढेकळासोबत कधी कधी एक गोलमटोल, तपकिरी प्राणी वर येतो. टोड म्हणजे भेक, विषारी, असे समजून त्याला फावड्याने भिरकावतात. कुणी दयेने उचलून विहिरीत सोडतो. दोन्हींत त्याचा जीव जातो. गोव्यात असा खोल मातीतून निघालेला प्राणी बहुधा भेक नसतोच. तो मातीत शिरणारा बेडूक असतो. किनारपट्टीवर आढळणाऱ्या यातल्या एका जातीचे, स्फेरोथेका डॉब्सोनीचे, वर्णन प्राणिशास्त्रज्ञ बुलेंजर यांनी १८८२ मध्ये मंगळूरकडच्या नमुन्यावरून केले.

रंग आणि जाडेपणा यांवरून ओळख पटत नाही. दोघेही मातकट, दोघांचेही पाय आखूड. आधी डोळ्यामागे पाहा. भेकाच्या तिथे लांबट, फुगीर विषग्रंथी असते, डोळ्याभोवती हाडाची काळी कड आणि पाठभर खरखरीत चामखिळी. बेडकाची कातडी त्यामानाने मऊ असते आणि ग्रंथी नसते. आकारही बोलतो: भेकाची मादी १० सेंटीमीटरच्या पुढे जाते, हा बेडूक जेमतेम ५-६. मग मागच्या पावलाची आतली बाजू पाहा. बेडकाला तिथे कडक, चपटा, धारदार उंचवटा असतो. भेकालाही उंचवटा असतो, पण बोथट. म्हणून एकट्या या खुणेवर विसंबू नये.

उंचवट्याचे काम बघायचे तर बेडकाला भुसभुशीत मातीवर ठेवा. तो पुढे खणत नाही. मागचे पाय आळीपाळीने बाहेर फेकत माती बाजूला सारतो, अंग डावी-उजवीकडे हलवतो आणि पार्श्वभागाने खाली उतरत जातो. शेवटी नाक दिसते, मग तेही नाही. वरची माती ढासळून बसते, त्यामुळे बीळ म्हणून काही उरत नाही. घट्ट चिकणमातीत किंवा जांभ्यावर त्याचे काही चालत नाही, म्हणून तो भाटातल्या म्हणजे माडांच्या बागेतल्या रेताड आणि शेताच्या मऊ जमिनीत सापडतो. भेक मात्र तयार आडोसा शोधतो: चिऱ्यांच्या कुंपणातली फट, कुंडीखालची ओल, लाकडांचा ढीग. दिव्याखाली किडे टिपायला तो कोरड्या दिवसांतही रात्री बाहेर येतो.

बेडूक पावसाळा सरला की खाली जातो आणि जूनपर्यंत राहतो. शरीराचा व्यवहार मंदावतो, अंगातल्या चरबीवर गुजराण होते. मूत्राशयातले पाणी आणि कातडीतून शोषलेली मातीची ओल यांवर तो तग धरतो. एप्रिल-मेच्या उन्हात उघडा पडला की हा साठा झपाट्याने संपतो.

पहिल्या जोरदार सरींनंतर नर शेतातल्या, चरातल्या डबक्यांच्या काठी मोठ्याने ओरडू लागतात. मुख्य धांदल थोड्याच रात्रींची, कारण डबके आटण्याआधी अंड्यांपासून पिल्लांपर्यंत सारे उरकायचे असते. जूनच्या सरींनंतर पावसाने लांबण लावली की उथळ डबक्यातले सगळे डिंभ, म्हणजे पाण्यात वाढणारी शेपटीवाली पिल्ले, वाळून जातात. भेक इतका बांधलेला नाही. तळी, संथ ओहोळही त्याला चालतात. त्याची अंडी पारदर्शक दोऱ्यांत माळेसारखी ओवलेली असतात आणि पाणवनस्पतींभोवती गुंडाळलेली दिसतात. हजारो अंडी, आणि त्यांतून निघणारे काळेभोर डिंभ घोळक्याने फिरतात. दोऱ्या दिसल्या तर अंडी भेकाचीच; मातीत शिरणारा बेडूक अशा माळा घालत नाही.

खणताना बेडूक निघाला तर हात साबणाचे किंवा खताचे नसावेत. ओल्या हाताने उचला. सावलीतली, पुन्हा न खणायची जागा निवडा. वीतभर खोल माती मोकळी करा, ती ओलसर करा, चिखल नको. त्याला वर ठेवून बाजूला व्हा. खाली तो स्वतःच जाईल. दाबून पुरू नका. विहिरीत तर मुळीच टाकू नका: बोटांना चिकटणाऱ्या चकत्या नाहीत, उभा कठडा चढता येत नाही आणि तो पोहून थकून बुडतो.

भेक निघाला तर कुंडीआड किंवा चिऱ्याखाली सरकवा, दाबू नका. दाबल्यावर ग्रंथीतून पांढरा चीक येतो. नंतर हात धुवा, डोळ्यांना लावू नका. कुत्र्याने तोंडात धरला आणि लाळ-फेस सुटला, तर त्याचे तोंड खाली करून बाजूने पाण्याची धार सोडत धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. तोल जाऊ लागला किंवा झटके आले, तर तडक पशुवैद्याकडे न्या.