लेसोथोतल्या खुनांचा आलेख कसा वाचायचा?

लेसोथोकडे वळण्याआधी एक आणखी लहान देश पाहू. हिंदी महासागरातल्या सेशेल्स या बेटांच्या देशाची लोकसंख्या जेमतेम लाख-सव्वा लाख. खुनाचा दर काढतात तो दर लाख लोकांमागे वर्षाला किती खून, असा. म्हणजे तिथे एक खून झाला, की दर जवळपास एकाने चढतो. समजा, अशा देशात वर्षाला सरासरी ९ खून होतात. एका वर्षी ६ आणि पुढच्या वर्षी १२ झाले, तरी समाजात काहीच बदललेलं नसेल. विरळ घटनांमधला निव्वळ योगायोगाचा चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो आणि ९ चं वर्गमूळ ३. ‘खून दुप्पट झाले’ ही बातमी खरी असते, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बहुधा कच्चा.

आता लेसोथो घ्या. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, सुमारे २३ लाख वस्तीचा डोंगराळ देश. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत २०१५ साली इथला दर ४० च्या वर होता. जगाची सरासरी ६ च्या आसपास, भारताची २०२२ मध्ये २ च्या जरा वर. ४० चा दर म्हणजे वर्षाला नऊशेच्या घरात खून. त्याचं वर्गमूळ ३०, म्हणजे योगायोगाने फार तर काही टक्के इकडेतिकडे. देश लहान म्हणून आकडा फुगला, ही पळवाट इथे चालत नाही. आणि चोरी-मारामारीची तक्रार कित्येकदा होतच नाही, खून मात्र सहसा नोंदला जातो, म्हणून हाच आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा.

मग कारण काय? १९८० च्या दशकाअखेरीस लाखाहून जास्त बसोथो (म्हणजे लेसोथोचे) पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत कामाला होते. पुढे तो रोजगार झपाट्याने आटला. बेकायदा सोनंखाणींकडे ओढले गेलेले तरुण, सहज मिळणारी पिस्तुलं आणि सूडाची साखळी यांत एक अनपेक्षित धागा आहे तो ‘फामो’ संगीताचा. खाणकामगारांमध्ये वाढलेलं हे अकॉर्डियनवरचं गाणं. गायकांच्या चुरशीतून टोळ्या उभ्या राहिल्या. कोण कुठल्या टोळीचा, हे खांद्यावरच्या ब्लँकेटच्या रंगावरून ओळखतात. श्रमिकांनी परमुलखात जपलेल्या कलेची ही गत व्हावी, याचं फार वाईट वाटतं.

२०२४ मध्ये सरकारने अशा १२ गटांवर बंदी घातली. तिचा परिणाम जोखताना एका वर्षाचा आकडा पुरणार नाही. निदान पाच वर्षांची सरासरी हवी, आणि पोलिसांच्या नोंदी रुग्णालयांतल्या मृत्यूंच्या नोंदींशी ताडून पाहायला हव्यात.